दोन अर्ध्या बादल्या

भट्टीचं झाकण उचलण्याआधीच धाकटीला कळलं होतं, की आत पुन्हा तोच रंग बसलेला असणार. रंग कसला, रुसवाच तो. दवाखान्यात भिंतींना अर्ध्यापर्यंत मारतात तसला हिरवा. तिने झाकण उचललं, वाकून आत पाहिलं आणि सावकाश परत खाली ठेवलं, जणू आत कुणी कपडे बदलत होतं.

"काय निघालं?" दारातून नवऱ्याने विचारलं.

"दवाखाना," धाकटी म्हणाली.

नवऱ्याचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. आख्ख्या गल्लीची नजर तो तपासायचा, पण घरात मात्र त्याला सगळे रंग सारखेच दिसायचे. धाकटीने जुना तुकडा एका हातात आणि नवा दुसऱ्या हातात धरून विचारलं, की तो दोन्हींकडे नीट पाहून, मान वाकडी करून म्हणायचा, "तोच आहे की." त्यात नजरेचा दोष नव्हता. त्याला वेळेवर जेवायचं असायचं, एवढंच.

धाकटी काही वयाने धाकटी राहिली नव्हती. केस पिकले होते, गुडघे जिन्यावर कुरकुर करत होते. पण या घरात ती धाकटी सून म्हणून आली आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच. मातीचा नाद तिला उशिरा लागला. घरामागची कपडे धुवायची खोली तिने आधी अर्धी मागून घेतली, मग उरलेली अर्धी न मागता घेतली. खिडकीखाली चाक, कोपऱ्यात पिंपाएवढी विजेची भट्टी, एका बाजूला उंच लाकडी कपाट, आणि भिंतीला लागून झिलईच्या बादल्यांची रांग.

झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर. बादलीत असते तेव्हा ती नुसती पाण्यात कालवलेली पूड. पांढरी असो, हिरवी असो, निळी असो, भाजण्याआधी सगळ्या दिसतात एकजात राखाडी, भांडी घासल्यावरच्या पाण्यासारख्या. कोणाच्या पोटात काय आहे ते भट्टीतून बाहेर आल्यावरच कळतं. म्हणून प्रत्येक बादलीवर झाकण आणि झाकणावर चिठ्ठी.

आणि म्हणून बिस्किटं. नवी झिलई जमली का हे पाहायला धाकटी मातीचे लहान चपटे तुकडे करायची, ते बुडवून भाजायची. आकाराने अगदी बिस्किटासारखे, म्हणून घरात त्यांना बिस्किटंच म्हणत. एकदा पेपर वाचता वाचता नवऱ्याने त्यातलं एक चहात बुडवून चावलं होतं. दातांच्या डॉक्टरने विचारलं, काय खाल्लंत? तर हा म्हणतो, "बायकोने केलं होतं." डॉक्टरने सहानुभूतीने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

फसलेली बिस्किटं फेकायची कुठे, म्हणून त्याने ती मागच्या दारापासून बागेत रोवायला सुरुवात केली. पायवाट झाली. पायवाट कुंपणापर्यंत गेली, कुंपणाखालून पलीकडे गेली, आणि शेजाऱ्याने एक दिवस येऊन आभार मानले, की आमच्या दारापर्यंत केलीत ते बरं केलंत, आता पोस्टमनच्या बाजूलाही जरा बघा. धाकटीने त्याच्या तोंडावर दार लावलं नाही, पण लावल्यासारखं पाहिलं.

हा सगळा ताप एका वाडग्यापायी होता. आणि वाडगा होता वन्संचा.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. एका मोठ्या वसतिगृहाची कोठी त्यांनी जन्मभर सांभाळली होती. धान्य, साबण, चादरी, दिव्यांच्या काचा, सगळं त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. त्या कोठीत शिरल्या, की उंदीर ओळीने बाहेर पडत, असं तिथली माणसं सांगायची. वन्सं कुणाला रागावत नसत. त्या फक्त पाहत. त्यांनी पाहिलं, की माणूस आपण होऊन सरळ बसायचा, खिशातले हात बाहेर काढायचा आणि न विचारता खरं सांगायचा.

आणि कौतुक? एकदा त्या एका प्रसिद्ध धबधब्यासमोर उभ्या होत्या. सोबतच्या बाया तोंडाला हात लावून बघताहेत. वन्संनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी वाया जातंय."

तर अशा वन्संना नव्या घराची भेट म्हणून धाकटीने आठ वाडगे केले होते. झिलई तिची नेहमीची हिरवी. पण भट्टी उघडली तर आत वाडगे नव्हतेच, आठ लहान तळी होती. जुन्या काचेच्या बाटलीचा तळ उन्हात धरावा तसा दुधी, निळसर, हिरवट रंग. त्यातून बारीक रेघा ओघळत खाली गेलेल्या, आणि काठावर मधासारखी तपकिरी कड. धाकटी तिथेच पाटावर बसली. आपण असं काय केलं हे तिला कळेना. या खेपेला भट्टी हळू निवली असेल, खालच्या फळीवर आच वेगळी लागली असेल, असं काहीबाही तिने स्वतःला सांगितलं आणि स्वतःचं म्हणणं लगेच मान्य केलं.

वन्संनी वाडगा हातात घेतला. उलटा करून बूड पाहिलं. आतून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "हे तू केलंस?"

"हो."

"छान आहे."

त्या एका शब्दावर धाकटीने आख्खा हिवाळा काढला. वेगळं पांघरूण लागलं नाही. इतकी वर्षं वन्सं तिच्या कामाला 'तुझा चिखल' म्हणत आल्या होत्या. 'तुझा चिखल झाला असेल तर जेवायला बसू.' 'चिखलातून वेळ मिळाला तर फोन कर.' आणि आता 'छान'.

मग एके दिवशी फोन आला.

"धाकटे, एक वाडगा गेला."

"कसा गेला, वन्सं?"

"गेला म्हणजे गेला. हातातून गेला. आता तसाच एक करून दे. माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणी जेवायला यायच्यात, मला धरून आठ जणी. सात वाडग्यांत आठ जणींना सूप कसं वाढू? एकीला कपात दिलं, तर ती मरेपर्यंत बोलून दाखवेल."

"करते की."

"तसाच हं. तोच रंग." मग जरा थांबून वन्सं म्हणाल्या, "जमेल ना? का तेव्हा आपला नेम लागला होता नुसता? तसं असेल तर सांग, मी बाजारातून पांढरे आणते. पण परत करून दाखवलास ना, तर मानेन तुला."

धाकटीने फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते. नेम लागला होता म्हणे. ती मागे गेली, तराजू पुसला, पुड्या काढल्या, जुनी बादली त्या आठ वाडग्यांतच संपली होती म्हणून नेहमीच्याच मापाने नवी हिरवी झिलई कालवली, बारीक चाळणीतून गाळली, बिस्किट बुडवलं, भट्टी लावली.

दवाखाना.

मग तिने भट्टी हळू निववली. दवाखाना. खालच्या फळीवर ठेवलं. दवाखानाच, पण तळमजल्यावरचा. झिलई जाड लावली, तर ती ओघळून फळीला असं घट्ट धरून बसली, की छिन्नीने फोडताना बिस्किट राहिलं आणि फळीच गेली. पातळ लावली, तर रंग असा आला, की त्या बिस्किटाशेजारी ठेवलेलं दूध नासलं. तांब्याची पूड कमी केली, जास्त केली. पाणी बदललं. चाळणी बदलली. शेवटी आपला स्वभाव बदलून पाहावा म्हणून एक दिवस गाणं म्हणत झिलई कालवली. त्या दिवशीचं बिस्किट सगळ्यांत भयाण निघालं. नवऱ्याने ते पायवाटेत बसवलं, तर शेजाऱ्याचा कुत्रा ते ओलांडायला तयार होईना. लांबून वळसा घालून जायचा.

"अगं, तू तेव्हा काहीतरी वेगळं केलं असशील," नवरा म्हणाला.

"काय वेगळं केलं असेन?"

"ते मला कसं कळणार? मी दुकानात होतो."

"तुम्ही नेहमीच दुकानात असता. फक्त माझी पांढऱ्या झिलईची बादली ओतून टाकायची होती, तेव्हा बरे घरी होतात."

नवऱ्याने उसासा टाकला. त्याचं असं झालं होतं, की ते आठ वाडगे केले त्याच सुमाराला धाकटीची अर्धी भरलेली पांढरी झिलई नाहीशी झाली होती. बादली खिडकीत उपडी, स्वच्छ धुतलेली सापडली. घरात दुसरं कोण होतं? वन्सं होत्या, नव्या घराला रंग लागत होता म्हणून राहायला आलेल्या, पण त्या तर मागच्या खोलीकडे फिरकायच्याही नाहीत. धाकटीने त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की यातल्या पुड्या छातीला वाईट, कशालाही हात लावू नका. त्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, "मी तुझ्या चिखलाला चिमट्यानेही शिवणार नाही." मग उरला नवरा. त्याने आधी नाही म्हटलं, मग आठवत नाही म्हटलं, आणि दोन दिवस बायको बोलली नाही तेव्हा, ओतली असेन बुवा, म्हणून मान्य करून टाकलं.

वन्संच्या जेवणाचा दिवस जवळ येत चालला आणि एका सकाळी वन्सं स्वतःच दारात हजर झाल्या. हातात पिशवी, पिशवीत सात वाडग्यांपैकी एक, कागदात गुंडाळलेला. "नमुना आणलाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, रंग विसरली असशील."

रंग विसरली. धाकटीच्या स्वप्नात तो रंग येत होता, खुर्चीवर बसून पाय हलवत.

"कुठवर आलंय?" वन्संनी विचारलं.

"कुंपणापलीकडे," नवरा म्हणाला आणि धाकटीने पाहिल्यावर दुकानात निघून गेला.

धाकटी मागे जाऊन भट्टीतली सकाळची बिस्किटं काढत बसली. वन्संचा वाडगा तिने समोर ठेवला होता. वाडगा तिच्याकडे बघत होता. तिचं एकेक बिस्किट त्याच्याशेजारी ठेवायचं, आणि त्याने मान फिरवायची. शेवटी हातातलं बिस्किट तिने भिंतीवर मारलं. ते फुटलं नाही. भिंतीचा पोपडा पडला.

"धाकटे, चहा केलाय," स्वयंपाकघरातून हाक आली.

ती हात धुऊन आत गेली. घोट घेतला आणि थांबली.

"वन्सं, हा चहा आहे ना?"

"मग काय आहे?"

"कॉफीसारखा लागतोय."

वन्संनी आपल्या कपातला घोट घेतला, चव पाहिली. "असेल. दोन डबे होते अर्धे अर्धे. दोन्हींत काळीच पूड. एक केला. उगाच दोन डब्यांची जागा कशाला अडवायची? दोन अर्धी भांडी फळीवर असली ना, की मला दातात काहीतरी अडकल्यासारखं होतं."

हे घराला ठाऊक होतं. वन्संच्या आयुष्याचं हे एकच व्यसन. कोठीत जागा नेहमी अपुरी, म्हणून अर्धं भांडं दिसलं, की दुसऱ्या अर्ध्यात ओतायचं. एकदा त्यांनी शाम्पू आणि फरशीचा साबण एक केला होता, तेव्हा नवऱ्याच्या दुकानात लोक विचारत होते, काचेऐवजी तुमचं डोकंच का चमकतंय? धाकटी कॉफीचा चहा गिळत होती आणि तिची नजर सहज खिडकीकडे गेली.

खिडकीच्या कट्ट्यावर रिकामा झालेला डबा उपडा ठेवला होता. स्वच्छ धुतलेला. काठाच्या एका बाजूखाली कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा सरकवलेला, खालून हवा खेळावी आणि डबा आतून वाळावा म्हणून.

धाकटीने कप खाली ठेवला.

पांढऱ्या झिलईची बादली अशीच सापडली होती. खिडकीत. उपडी. आणि काठाखाली चिमटा होता. तो चिमटा तिने स्वतः उचलून दोरीला लावला होता आणि वर नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. नवऱ्याने लग्नापासून आजवर एक चमचाही उपडा घातला नव्हता, चिमटा तर लांबच.

"वन्सं," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही इथे राहायला होतात ना, तेव्हा मागच्या खोलीत काही आवरलं होतंत का?"

"मी?" वन्संनी तिच्याकडे पाहिलं. तेच ते पाहणं. पण या खेपेला सरळ बसल्या त्या वन्संच. "मी कशाला तुझ्या चिखलाला हात लावू?"

"नाही, म्हणजे एखादी बादली दुसरीत..."

"शिवणार नाही म्हटलं होतं, शिवले नाही. शब्द म्हणजे शब्द." आणि त्या उठून कप विसळायला लागल्या. कप स्वच्छ झाला तरी विसळतच राहिल्या.

धाकटीला आता दोन्हीकडून पेटलं. एक तर बिस्किटांची आख्खी पायवाट फुकट गेली होती. दुसरं म्हणजे ते 'छान'. हिवाळाभर पांघरलेलं ते छान आता बघावं, तर वन्संनी वन्संनाच दिलं होतं. आणि तरी त्या रंगात काय काय गेलं हे कळल्याशिवाय वाडगा होणार नव्हता. ज्यांना माहीत होतं त्या कबूल होणार नव्हत्या. तिने दुपारी हिरवी आणि पांढरी निम्मी निम्मी मिसळून घाईघाईने एक बिस्किट भाजलं. फिकट, मऊसर, तोंड धुतलेला दवाखाना. जवळ आला होता, पण तो नव्हता. रेघा नव्हत्या. ओघळ नव्हते. अजून काहीतरी गेलं होतं त्यात.

दुसऱ्या दिवशी नवरा जेवायला घरी आला, तेव्हा धाकटीने त्याला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं.

"पहिली गोष्ट," ती म्हणाली, "बादली तुम्ही ओतली नव्हती."

"असं?" नवरा म्हणाला. "मला तर आता आठवायलाही लागलं होतं."

"दुसरी गोष्ट, या कपाटामागे आपण दोघं मावतो का बघा."

तिने खोली त्या वेळी होती तशी लावली. हिरव्या झिलईची बादली तळाला थोडी. तिच्याशेजारी पांढरी, अर्धी. मागच्या फळीवर पुड्यांचे डबे, तेही अर्धेमुर्धे, जसे तिच्याकडे नेहमीच असायचे. प्रत्येक बादलीच्या आतून मेणाच्या खडूने पातळीची रेघ ओढली. प्रत्येक डबा तराजूवर ठेवून वजन लक्षात ठेवलं. पांढऱ्या बादलीचं झाकण तिने जरा तिरकं ठेवलं, म्हणजे घरातून येणाऱ्याला ते टोचावं.

मग दोघं पुढच्या दारात जाऊन मोठ्याने बोलली.

"वन्सं, आम्ही जरा जाऊन येतो. मागे फार पसारा आहे हं, तिकडे बघू नका."

"मला काय करायचंय," वन्सं म्हणाल्या.

पुढच्या दारातून बाहेर पडून, घराला वळसा घालून, बिस्किटांच्या पायवाटेवरून चवड्यांवर चालत दोघं मागच्या दाराने आत शिरली आणि कपाटामागे उभी राहिली. नवऱ्याचं पोट पुढे, धाकटीचं कोपर त्याच्या बरगडीत. लग्न झाल्यापासून इतकी जवळ ती दोघं फोटो काढतानाही उभी राहिली नव्हती.

वन्सं आल्या. आधी दारातच थांबल्या. मग आत येऊन तिरकं झाकण सरळ केलं. एवढंच करून परत निघाल्याही. धाकटी हिरमुसली. पण दारापाशी वन्संनी मागे वळून पाहिलं. परत येऊन झाकण उचललं, आत डोकावल्या. शेजारच्या बादलीत डोकावल्या. स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर असे घट्ट धरले, की बोटं पांढरी पडली. बराच वेळ तशाच बसल्या. घरातलं घड्याळ, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, टिकटिकायचं थांबलं असावं.

"हे काय ठेवणं झालं," त्या पुटपुटल्या.

आणि उठल्या. अर्धी पांढरी उचलली आणि हिरवीत रिकामी केली, एका धारेत, थेंब न सांडता, जन्मभर हेच केलेल्या हाताने. मग रिकाम्या बादलीत मगभर पाणी घालून खळखळवलं आणि तेही हिरवीतच. काही वाया जायला नको. कपाटामागे धाकटीने मगाचं माप डोळ्यांनी धरलं. मग वन्संची नजर फळीवर गेली. तिथे लाकडाच्या चाळलेल्या राखेचा डबा होता, तळाशी थोडी राहिलेली. त्याच्याशेजारी गारगोटीच्या पुडीचा, भरलेला. भरलेल्याला त्यांनी काही केलं नाही. राखेचा मात्र झाकण काढून वास घेतला, राखच ती, कशाला ठेवलीय, म्हणून तोही बादलीवर उपडा करून तळावर दोन थापट्या मारल्या.

राख उडाली. सगळ्या खोलीभर उडाली. कपाटामागेही गेली.

नवरा शिंकला. त्याने नाक दाबलं होतं, तोंड दाबलं होतं, त्यामुळे ती शिंक कानातून निघाली असावी, कारण खिडकीची काच हलली.

वन्सं जागच्या जागी थांबल्या. डबा हातात. कपाटाकडे त्यांनी पाहिलं नाही. क्षणभर तशाच राहिल्या, मग बादलीचं मिश्रण काठीने शांतपणे ढवळलं, झाकण लावलं, रिकामी बादली धुतली, खिडकीत उपडी घातली, खिशातून चिमटा काढून काठाखाली सरकवला. आणि गेल्या.

धाकटीने बाहेर येऊन आधी रेघा पाहिल्या, मग राखेच्या डब्याचं वजन केलं. पांढरी एवढी, हिरवी एवढी, मगभर पाणी, राख एवढी. राख. त्या रेघा, ते ओघळ. तिच्या नाकासमोर फळीवर बसलेली राख, आणि ती चाळण्या बदलत बसली होती.

"तोच आहे का?" नवऱ्याने नाक पुसत विचारलं.

"अजून भाजलं नाही हो."

तिने वन्संची बादली बाजूला ठेवली आणि त्या मापांनी स्वतः नव्याने कालवली, तोलून, गाळून. कारण वन्संच्या हातचं मिश्रण भाजलं असतं, तर तो पुन्हा वन्संचाच रंग झाला असता. भाजलेला कोरा वाडगा एकच उरला होता. मागच्या आठवड्यात, चौथ्या का पाचव्या दवाखान्यानंतर, रागाच्या भरात चाकावर काढलेला. तो तिने बुडवला आणि भट्टी लावली.

भट्टी निवायला तिचा तिचा वेळ घेते, कुणी कितीही येरझाऱ्या घातल्या तरी. वन्सं राहिल्या. जेवताना वन्संनी मीठ मागितलं, तेव्हा नवऱ्याने चुकून, राख देऊ का, असं विचारलं आणि मग बराच वेळ ताटाकडे बघत बसला.

सकाळी धाकटीने झाकण उचललं. वाकून पाहिलं. हात लांब करून वाडगा बाहेर काढला, अजून कोमट. दुधी, निळसर, हिरवट. रेघा ओघळत खाली गेलेल्या. काठावर मध.

तिने तो स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला. वन्संनी आपला नमुन्याचा वाडगा शेजारी ठेवला. दोन्ही खिडकीशी नेले, उजेडात फिरवले. उलटा करून बूड पाहिलं. आतून अंगठा फिरवला.

"तोच आहे," नवरा म्हणाला. या खेपेला त्याने खरंच पाहिलं होतं. पण आता त्याचं कोण ऐकणार.

"वन्सं," धाकटी म्हणाली, "या रंगाचं सांगायचं तर..."

"कपाटं शिंकत नाहीत," वन्संनी तिला मध्येच तोडलं. "एवढं मला कळतं."

धाकटीने नवऱ्याच्या नाकाकडे पाहिलं.

"तरी ओतलं मी. म्हटलं, बघतच असेल तर नीट बघू दे एकदा. तोंडाने सांगायचं म्हणजे शब्द मोडल्याचं सांगावं लागलं असतं." वन्सं वाडग्याकडेच बघत होत्या. "पहिल्या खेपेला मी ओतलं. काय ओतलं, किती ओतलं, मला विचारशील तर काही सांगता यायचं नाही. जागा झाली, संपलं. तुला आता सांगता येईल?"

"ग्रॅममध्ये."

"मग झालं तर." त्यांनी वाडगा खाली ठेवला. "मानते."

तेवढ्यात वन्संनी सवयीने नवा वाडगा उचलून जुन्यात ठेवला, एकात एक, कपाटात रचतात तसा. तो आत गेलाच नाही. काठावरच टेकून डुगडुगत राहिला. त्यांनी काढून उलटसुलट करून पाहिलं. जुना नव्यात ठेवला, तर तो आत जाऊन खुळखुळ वाजायला लागला.

"रंग तोच आहे," वन्सं म्हणाल्या. "पण हा वाडगा आहे का टोपलं?"

धाकटीने डोळे मिटले. रागात काढलेला वाडगा. इतके दिवस बिस्किटांत डोकं घालून बसली होती. मापाकडे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"यात सूप वाढलं, तर जिला मिळेल ती एकदा बोलून दाखवेल," वन्सं म्हणाल्या. "बाकीच्या सहा जणी जन्मभर."

धाकटी जुना वाडगा उचलून वळली आणि मागच्या खोलीकडे चालायला लागली. चाकासमोर बसली, पाण्याचं भांडं ओढलं, जुना वाडगा समोर ठेवून बोटांनी त्याचा काठ मापला. वन्सं तिच्या मागोमाग आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. चाकाशेजारी मातीच्या दोन पिशव्या होत्या. एकीत तांबूस माती, एकीत पांढरी. दोन्ही अर्ध्या.

वन्संचं पाऊल दारातून आत पडलं.

"वन्सं," मागे न बघता धाकटी म्हणाली, "हात."

"मी कुठे काय केलं," वन्सं म्हणाल्या. आणि एका हाताने दुसरा हात घट्ट धरून स्टुलावर बसल्या.